ह्यूस्टन, पिंप्राळा आणि शेजारचे दोन प्लॉट

मागच्या रविवारी सकाळी साडेसातला पप्पांचा फोन आला. रविवारी इतक्या सकाळी फोन म्हणजे एकतर कुणीतरी गेलं किंवा कुणाचं तरी लग्न ठरलं, असं आमच्या घरचं साधं गणित आहे. या वेळी दोन्ही नव्हतं.

"आपल्या बाजूचे दोन्ही प्लॉट एकाच माणसाने घेतले," पप्पा म्हणाले. "आता तो आपला पण मागतोय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचं घर पिंप्राळ्याला आहे. पिंप्राळा म्हणजे एकेकाळी जळगावच्या पश्चिमेचं वेगळं गाव, आता महापालिकेचा एक भाग. आषाढी एकादशीला इथला रथ निघतो, त्या दिवशी अख्खं जळगाव आमच्याकडे येतं. एरवी जळगाव आमच्याकडे येत नाही, आम्हीच रेल्वेगेट ओलांडून तिकडे जायचो. गेट बंद असलं की शाळेला उशीर, आणि ते कारण मास्तरांनाही पटायचं. आता तिथे उड्डाणपूल झाला, त्यामुळे आत्ताच्या पोरांचं ते कारणही गेलं.

पप्पांनी प्लॉट घेतला १९९६ साली. शेतजमिनीचा एन. ए. झालेला ले-आउट, आमच्या गल्लीत आठ प्लॉट, प्रत्येकावर एक बैठं घर बांधायचं, असा सगळ्यांचा समज. तेव्हा जळगावला नगरपालिका होती, महापालिका झाली २००३ मध्ये. पुढे ओटा, मागे पेरूचं झाड, गच्चीवर टाकी आणि उन्हाळ्यात आईच्या बिबड्या. बास. आता बाजूच्या दोन प्लॉटवर, आणि आमचा मिळाला तर तिन्हीवर मिळून, सात मजली इमारत येणार आहे. खाली पार्किंग, वर 'लक्झुरियस' थ्री बीएचके, जिम, गच्चीवर पार्टी लॉन. पप्पांना एक फ्लॅट आणि वर काही रक्कम.

"तू तर अमेरिकेत राहून आलास," पप्पा म्हणाले. "तिकडे अशा वेळी काय करतात?"

आता गंमत अशी की मी अमेरिकेत राहिलो ते ह्यूस्टनला. २०२३ मध्ये क्लायंटकडे आठ महिने. आणि ह्यूस्टन हे अमेरिकेतलं एकमेव मोठं शहर आहे जिथे झोनिंगचा कायदाच नाही. पप्पांनी नेमक्या त्याच शहरात राहून आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला होता. फोनवर मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

झोनिंग म्हणजे सोप्या भाषेत नकाशात रंग भरणं. आपल्या डी. पी. मध्ये असतात तसे: पिवळा राहण्यासाठी, निळा दुकानांसाठी, जांभळा कारखान्यांसाठी, हिरवा शेतीसाठी किंवा मोकळ्या जागेसाठी. न्यूयॉर्कने १९१६ साली हे सुरू केलं, १९२६ साली तिकडच्या सुप्रीम कोर्टाने त्याला मान्यता दिली आणि मग एकेक करत जवळजवळ सगळ्या शहरांनी केलं. ह्यूस्टनने केलं नाही. बरं, विसरून गेले असंही नाही. १९४८, १९६२ आणि १९९३ अशी तीनदा लोकांना मतदान करून विचारलं, तीनही वेळा लोक नको म्हणाले. शेवटच्या वेळी अगदी थोड्या फरकाने.

सुरुवातीला मला हे भयंकर आवडलं होतं. आपण सॉफ्टवेअरवाली माणसं, आपल्याला कमी नियम असलेली सिस्टीम आवडतेच. ज्याची जमीन त्याने ठरवावं, तेवीस लाख वस्तीचं शहर असंच चालतंय, मग आपल्याकडे ते सतराशे साठ शिक्के कशाला? बर्नार्ड सीगन नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने १९७२ साली यावर एक पुस्तकच लिहिलंय. ह्यूस्टन बघा, असं तो म्हणतो, नकाशात रंग न भरताही पेट्रोलपंप मोठ्या रस्त्यालाच लागतात, कारण आतल्या गल्लीत गिऱ्हाईक नसतं. मुद्दा चुकीचा नाही. मी तेव्हा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हेच ज्ञान दोन-तीन जणांना पाजळलं होतं.

आणि आधी त्या शहराची चांगली बाजू सांगतो, नाहीतर अन्याय होईल. झोनिंग नसलं तरी काही नियम आहेत: प्लॉट किती लहान करता येतो, रस्त्यापासून किती अंतर सोडायचं, पार्किंग किती द्यायचं, असे. १९९९ पर्यंत साधारण पाच हजार चौरस फुटांखाली प्लॉट पाडता येत नव्हता. १९९९ साली शहराच्या आतल्या भागात, म्हणजे सहाशेदहा नंबरच्या रिंगरोडच्या आत, ती मर्यादा १,४०० चौरस फुटांपर्यंत खाली आणली. १,४०० म्हणजे आपल्या सव्वा गुंठ्याहून जरासं जास्त. २०१३ साली तीच सवलत सगळ्या शहराला दिली. परिणाम काय? एक जुनं लाकडी घर पडतं, त्याच जागेवर तीन टाउनहाउस उभी राहतात. खाली गॅरेज, वर तीन मजले, दोन घरांत हात जाईल एवढीच फट. माझ्या टीममधला एक मराठी सीनियर अशाच एका टाउनहाउसमध्ये राहायचा. मूळ नगरचा. कॅलिफोर्नियात असतो तर या पगारात गॅरेज पण मिळालं नसतं, असं तो म्हणायचा आणि ते खरंच होतं. घरं भराभर बांधली गेली म्हणून नोकरदार माणसाला घर परवडलं. याला मी वाईट कसं म्हणू?

पण शनिवारी-रविवारी मला काही काम नसायचं (गाडी नव्हती, आणि ह्यूस्टनमध्ये गाडी नसणं म्हणजे काय हे तिथे राहिलेल्यांनाच कळेल). मी बसने डाउनटाउनला जायचो आणि पायी भटकायचो. डाउनटाउनला अगदी लागून एक भाग आहे, फोर्थ वॉर्ड. १८६५ साली टेक्सासमधली गुलामगिरी संपली, तेव्हा सुटलेले कृष्णवर्णीय लोक इथे येऊन राहिले. त्याला फ्रीडमेन्स टाउन म्हणतात. रस्ता करून द्यायला कुणी येईना, म्हणून त्यांनी स्वतः विटा आणून रस्ते बांधले. त्या विटांचे रस्ते काही ठिकाणी अजून आहेत, मी त्यावरून चाललोय. १९८५ साली या वस्तीचं नाव ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेलं. छान वाटतं ना ऐकायला? पण त्या यादीत नाव आल्याने खाजगी मालकाला घर पाडायला बंदी होत नाही. यादीतली बहुतेक घरं आज जागेवर नाहीत. त्या विटांच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता गेट लावलेली तीन मजली टाउनहाउस आहेत. मधेच एखादं चिंचोळं लाकडी घर, पुढे छोटा व्हरांडा, त्यावर बसलेली एखादी म्हातारी. आमच्या ओट्यावर आजी बसायची तशीच. मी हात केला, तिने पण केला. एवढीच ओळख.

तिथून पश्चिमेला काही मैलांवर रिव्हर ओक्स नावाची वस्ती आहे. १९२० च्या दशकात वसवलेली, शहरातल्या सगळ्यात श्रीमंत लोकांची. तिथे टाउनहाउस नाही, टॉवर नाही, कोपऱ्यावर कपडे धुण्याचं दुकान नाही. मोठमोठे बंगले आणि ओकची झाडं. शहर एकच, दोन्हीकडे झोनिंग नाही, मग हा फरक कसा?

तर तिथे एक गोष्ट असते, डीड रिस्ट्रिक्शन. म्हणजे खरेदीखतातच लिहिलेल्या अटी: इथे फक्त एका कुटुंबाचं घर, प्लॉटचे तुकडे करायचे नाहीत, धंदा करायचा नाही. घर विकलं तरी अट घरासोबत पुढच्या मालकाकडे जाते. (सुरुवातीला त्यात कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशी पण अट असायची. १९४८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशी अट कोर्ट अमलात आणणार नाही.) आणि मला चाट पाडणारी गोष्ट पुढेच आहे. या खाजगी अटी कुणी मोडल्या, तर ह्यूस्टन शहराचं सरकार स्वतः, सरकारी खर्चाने, मोडणाऱ्याविरुद्ध कोर्टात जाऊ शकतं. १९६५ पासून कायद्यात तशी सोय आहे.

म्हणजे बघा, झोनिंग आहेच. फक्त ते शहराच्या नकाशात नसून लोकांच्या खरेदीखतात आहे. आणि ते टिकवायला काय लागतं? जुन्या अटींना मुदत असते, पंचवीस-तीस वर्षांनी त्या संपतात, पुन्हा चालू ठेवायच्या तर मालकांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, वकील लागतो, पाठपुरावा करणारी रिकामटेकडी पण शिकलेली माणसं लागतात. रिव्हर ओक्समध्ये हे सगळं आहे. जिथे निम्मे लोक भाड्याने राहतात आणि मालक दुसऱ्या गावात असतो, तिथे सह्या कोण गोळा करणार? मग तिथला प्लॉट मोकळा. बुलडोझरला ते बरोबर कळतं.

बरं, पैसे आणि वकील असले म्हणजे सगळं जमतं असंही नाही. २००७ साली राइस युनिव्हर्सिटीजवळ, चांगल्या सुखवस्तू बंगल्यांच्या वस्तीत, एका बिल्डरने तेवीस मजली टॉवर आणायचं ठरवलं. ॲश्बी हायराइझ हे नाव तिकडे अजून प्रसिद्ध आहे. लोकांनी आपापल्या अंगणात पिवळे बोर्ड लावले, त्यावर दात विचकणाऱ्या राक्षसासारख्या टॉवरचं चित्र. झोनिंग नसल्यामुळे शहराच्या हातात थांबवायला काही नव्हतं, तेव्हा त्यांनी गाड्यांच्या ये-जा करण्याच्या परवानगीवर बोट ठेवून अर्ज परत परत नाकारला. लोक कोर्टात गेले. २०१४ साली न्यायाधीशाने टॉवर थांबवायला नकार दिला, पण शेजाऱ्यांना सुमारे बारा लाख डॉलर नुकसानभरपाई द्या म्हणाले. २०१६ साली वरच्या कोर्टाने ती भरपाई पण रद्द केली. तोवर मूळ प्रकल्प रखडलेला. आणि २०२२ मध्ये दुसऱ्याच कंपनीने त्याच जागेसाठी वीस मजल्यांचा नवीन आराखडा आणला, पुढे त्याचं कामही सुरू झालं. एवढ्या मोठ्या मोठ्या लोकांनी एवढा जोर लावला, तर त्यांच्या पदरात पंधरा वर्षं पडली. फोर्थ वॉर्डातल्या म्हातारीला पंधरा महिने तरी मिळाले असतील का?

आता परत पिंप्राळ्याला येऊ.

आपल्याकडे कायदा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. डी. पी. असतो, त्यात रंग असतात, शाळेचं आरक्षण असतं, बागेचं असतं. कागदावर आपण ह्यूस्टनच्या फार पुढे. पण त्याच कायद्यात असंही आहे की आरक्षित जागा दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि मुदतीत संपादन झालं नाही तर आरक्षण उडतं. मालकाच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे, सरकार पैसे देत नाही आणि जमीन अडकवून ठेवतं, हे काय? पण बाग मात्र गेली ती गेली. मग गुंठेवारी. शेतीचे गुंठे-गुंठे पाडून विकले, एन. ए. नाही, ले-आउट नाही, लोकांनी घरं बांधली. २००१ च्या कायद्याने १ जानेवारी २००१ च्या आधीची अशी बांधकामं नियमित करायची सोय केली. २०२१ साली ती तारीख पुढे सरकवून ३१ डिसेंबर २०२० केली.

इथे मला स्पष्ट लिहायचंय की मी गुंठेवारीच्या विरोधात नाही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं गुंठेवारीच्या घरांतून यायची. कुणाचे वडील रिक्षा चालवायचे, कुणाचे दालमिलमध्ये हमाल. एन. ए. प्लॉट त्यांच्या बापजन्मात परवडला नसता. आणि त्यांच्यासाठी सरकारी घरकुलं म्हणाल तर त्याची पण कथा याच पिंप्राळ्याची आहे. नव्वदच्या दशकात जळगावात अकरा हजारांवर घरकुलं बांधायचं ठरलं, कर्ज काढलं, आणि त्यातली बहुसंख्य झालीच नाहीत. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्या प्रकरणात ४८ जणांना दोषी ठरवलं, पुढे ते अपिलात गेलं. पिंप्राळा हुडको म्हटलं की जळगावकराला दुसरं काही सांगावं लागत नाही. जिथे गरिबाचं घर अर्धवट राहिलं, तिथेच आता पार्टी लॉन येतंय. असो. विषयांतर झालं, पण अगदीच विषयाबाहेर नाही.

तर आमच्या शेजारची सात मजली इमारत. तुम्हाला वाटेल बेकायदा असेल. मी दोन रात्री बसून जमेल तेवढं वाचलं, आणि मला वाटतं ती कायदेशीर असेल. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि इतर काही भाग सोडून सगळ्या राज्यासाठी एकच नियमावली आली, यूडीसीपीआर. तिचं मुख्य सूत्र असं की समोरचा रस्ता जितका रुंद तितकं जास्त बांधता येतं. शिवाय पैसे भरून प्रीमियम एफ. एस. आय., वर टी. डी. आर. आमच्या पुढचा रस्ता बऱ्यापैकी रुंद आहे. १९९६ मध्ये पप्पांना तो रुंद रस्ता म्हणजे प्लॉटची जमेची बाजू वाटला होता, त्यासाठी त्यांनी चार पैसे जास्त मोजले होते. आज त्याच रुंदीने शेजारी सात मजले येऊ शकतात.

हेच मला खटकतं. आपल्या धंद्यात रिक्वायरमेंट बदलली तर चेंज रिक्वेस्ट येते. कोण बदलतंय, कशासाठी, त्याने आणखी काय काय मोडेल, हे लिहावं लागतं, सगळ्यांना मेल जातो. पप्पांनी घर घेतलं तेव्हाचा स्पेसिफिकेशन वेगळा होता. तो मधे बदलला. मेल कुणाला गेला? नियमाने हरकती-सूचना मागवल्या जातात, नाही असं नाही. राजपत्रात जाहीर होतं, पेपरात नोटीस येते. पण ती भाषा वाचून आमच्या गल्लीतल्या एकाही माणसाला कळणार नाही की आपल्या घराशेजारी किती मजले येणार. मला दोन रात्री लागल्या, आणि मी इंजिनिअर आहे. शिवाय मजले बदलले तरी पाण्याची लाइन तीच, आठ बैठ्या घरांसाठी टाकलेली. ड्रेनेज तेच. आत्ताच पाणी रोज येत नाही. सात मजल्यांच्या टाक्या भरायला खाली मोटार लागली की आमच्या नळाला काय येणार, हे सांगायला आर्किटेक्ट नको.

रंग भरलेला नकाशा असूनही व्याख्या बदलून काय होऊ शकतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईत आहे. लोअर परळला मॉलमध्ये तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमात होतं की गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण तीन वाटे करायचे: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटे फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचे करायचे असं ठरलं. गिरणीत मोकळी जमीन असते किती? सगळी तर शेड. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, मार्च २००६ मध्ये कोर्टाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. एका व्याख्येने गिरणगावची बाग आणि घरं दोन्ही आकसली. आपल्या जळगावातही खान्देश मिलच्या जागेवर खान्देश सेंट्रल उभं आहेच. लहानपणी मला जळगावातली सगळ्यात उंच इमारत म्हणजे महापालिकेची सतरा मजली एवढंच माहीत होतं. आता उंचीची हौस गल्लीबोळात पोचलीय.

ह्यूस्टनवाले निदान तोंडावर सांगतात की नकाशा नाही, तुमचं तुम्ही बघा. आपण नकाशा आहे म्हणून सांगतो, आणि माणूस त्या भरवशावर आयुष्याची पुंजी घालतो. माझ्या मते यातलं दुसरं जास्त वाईट. पहिल्यात माणूस सावध तरी राहतो.

आता माझी स्वतःची गोची सांगतो. मी वाकडला राहतो, बाराव्या मजल्यावर. खाली जिम आहे (वर्षातून चार वेळा गेलोय), क्लबहाउस आहे. ही इमारत ज्या जमिनीवर आहे तिथे काही वर्षांपूर्वी शेती होती. ज्याची होती त्याला पैसे मिळाले असतील, पण शेजारी जे बैठ्या घरात राहत होते त्यांना कुणी विचारलं होतं का? मी तरी नाही विचारलं. फ्लॅट बघायला गेलो तेव्हा ऊन कुठून येतं ते बघितलं, आपण कुणाचं ऊन अडवतोय ते नाही. मित्राला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "भो, तू बारावर बसून सातवाल्याला शिव्या देतोय." त्याच्यावर माझ्याकडे फारसं उत्तर नाही.

एवढंच म्हणेन की बांधूच नका असं माझं म्हणणं नाही. पिंप्राळ्यात माणसं वाढणार, त्यांना घरं लागणार, सगळ्यांना ओटा आणि पेरूचं झाड मिळणार नाही. पण प्लॉट घेताना माणसाला कळलं पाहिजे की शेजारी जास्तीत जास्त काय उभं राहू शकतं. आणि ते बदलायचं असेल तर त्या गल्लीतल्या माणसांना समोर बसवून, त्यांच्या भाषेत, आधी सांगितलं पाहिजे. ह्यूस्टनमध्ये आता काही गल्ल्यांना अशी सोय आहे: लोकांनी अर्ज केला तर त्यांच्या गल्लीपुरता प्लॉटचा कमीत कमी आकार ठरवून मिळतो, तो मोडून टाउनहाउस घालता येत नाही. गल्लीपुरता! आपल्याकडे निर्णय एकदम अख्ख्या राज्यासाठी होतो.

आणखी एक उदाहरण मला तिकडे फार आवडलं. फोर्थ वॉर्डासारखाच थर्ड वॉर्ड आहे, तोही जुना कृष्णवर्णीय लोकांचा भाग, आणि शेजारचं मिडटाउन झपाट्याने श्रीमंत होत चाललेलं. तिथले आमदार गार्नेट कोलमन यांनी एक युक्ती केली. मिडटाउनच्या पुनर्विकासातून जो कर जमा होत होता, त्यातून थर्ड वॉर्डातल्या मोकळ्या जागा विकत घ्यायला लावल्या आणि खरेदीखतात अट घातली की इथे फक्त परवडणारी भाड्याची घरं होतील. म्हणजे रिव्हर ओक्सचंच हत्यार, पण गरिबाच्या हातात. त्याने सगळा थर्ड वॉर्ड वाचला असं नाही, पण त्या त्या जागेपुरतं वाचलं.

यावरून माझ्या डोक्यात आलं की आपल्याकडे असं करता येईल का? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या चाळिसाव्या कलमात अशा अटींना थोडी जागा आहे. म्हणजे शेजाऱ्यांनी आपापसात लिहून, नोंदवून ठेवायचं की अमुक उंचीच्या वर बांधणार नाही. आणि नंतर घेणाऱ्याला ती अट माहीत असेल तर ती त्याच्यावरही लागू करायला कोर्टात जाता येतं. जळगावला वकिली करणाऱ्या एका मित्राला विचारलं. तो म्हणाला, "टिकेल. पण कोणत्या साली टिकेल ते सांगू शकत नाही." आपल्याकडे अशी अट मोडली तर सरकार तुमच्या वतीने कोर्टात जाणार नाही, तुमचं तुम्ही जा. आणि आमच्या आठातले दोन प्लॉट तर गेलेच. उरलेल्या सहांनी लिहून काय उपयोग, असं आई म्हणते. मला वाटतं, सहा वाचतील. आज दोन गेले, पुढच्या वर्षी पलीकडचे दोन जातील.

हे सगळं मी पप्पांना परवा फोनवर सांगितलं. अर्धा तास. फोर्थ वॉर्ड, यूडीसीपीआर, कलम चाळीस. पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. गुडघे दुखतात, गच्ची झाडणं होत नाही आता. फ्लॅटला लिफ्ट आहे. घर ठेवलं तर कुणासाठी ठेवायचं? तू परत येणार आहेस का?"

मी गप्प. आई मागून म्हणाली की लिफ्ट लाइट गेली की बंद पडते, आणि सातव्या मजल्याची गच्ची पार्टी लॉन असेल तर बिबड्या कुठे वाळवायच्या? पप्पा म्हणाले, बिबड्या विकत मिळतात. त्यावरून त्यांचं सुरू झालं, मी फोन ठेवला.

नाही म्हटलं तरी इमारत होणारच आहे, दोन प्लॉटवर थोडी बुटकी होईल एवढंच. मग आमचं बैठं घर तिच्या सावलीत आणि आमच्या अंगणात वरच्या मजल्यांवरून टाकलेल्या चिप्सच्या पिशव्या. हो म्हटलं तर पप्पांना लिफ्ट मिळेल, आणि बाकीच्या पाचांच्या बाजूने बोलायला गल्लीत एक माणूस कमी होईल. दोन्ही बाजू मला दिसतात. रात्री कुठलीच पटत नाही.

बिल्डरला पप्पांनी रथ होईपर्यंत थांबायला सांगितलंय. एकादशीला मी जातोय. त्या दिवशी गल्लीतले सगळे घरी असतात, दुपारी रथ बघून आले की आमच्याच ओट्यावर चहा होतो. मंजूर ले-आउटची प्रत काढून ठेवा म्हणून सांगितलंय. त्यावर ओपन स्पेस म्हणून दाखवलेली जागा आहे, जिथे आम्ही क्रिकेट खेळायचो, ती अजून कुणाच्या नावावर आहे ते पण बघायचंय. कलम चाळीसचा मसुदा मराठीत लिहून दोन पानांत बसवलाय, मित्राने तपासून दिला. आणि बिल्डरला विचारायचे प्रश्न वेगळ्या कागदावर: पाणी कुठून घेणार, बोअर किती खोल मारणार, ड्रेनेज कुठे जोडणार, आमच्या बाजूला किती मार्जिन सोडणार, पाच घरांना काम सुरू होण्याआधी नकाशा दाखवणार का. पप्पांनी विकायचं ठरवलं तरी सही करायच्या आधी या पाचांची उत्तरं लेखी घ्यायची, एवढं त्यांनी कबूल केलंय.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी अजून दिलेलं नाही.